औषधाची गुंगी आणि कायद्याचे मौन

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यांवर नाकाबंदी होते. वाहतूक पोलीस एकेक गाडी थांबवितात, चालकाच्या तोंडापुढे श्वास-विश्लेषक यंत्र धरतात, आणि यंत्रावर शून्य उमटले की गाडी पुढे जाऊ देतात. या रांगेत असाही एखादा चालक असू शकतो की, ज्याने जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही. मनाची अस्वस्थता कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी त्याने जेवणानंतर घेतली आहे, आणि नाक वाहत होते म्हणून सर्दीची एक गोळी स्वतःच्या अकलेने तिच्या जोडीला घेतली आहे. त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत, ब्रेकवर पाय पडायला नेहमीपेक्षा क्षणभर अधिक वेळ लागतो आहे. यंत्राला यातले काहीच कळत नाही. मागच्या गाडीतला बिअर प्यालेला तरुण अडकतो, हा गृहस्थ सुटतो. आणि आपण काही गैर केले अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही.

दारू पिऊन गाडी चालविणे हा गुन्हा आहे, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. औषध घेऊन गाडी चालविणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा ठरू शकतो, आणि तो दुसऱ्यांदा घडला तर दोन वर्षांच्या कारावासापर्यंत मजल जाऊ शकते, ही गोष्ट सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांच्या कानावर गेली असेल.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ दोन पायांवर उभे आहे. पहिला पाय दारूचा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा झाला; चालक झोकांड्या खात होता की ताठ बसला होता, हा प्रश्न उरत नाही. दुसरा पाय मादक द्रव्याचा. तेथे आकडा मुळीच नाही. वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास चालक असमर्थ व्हावा इतपत तो द्रव्याच्या अमलाखाली होता, असे सिद्ध करावे लागते. ही शब्दरचना ब्रिटनच्या १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यातली. तेथून ती आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली आणि १९८८ साली नव्या कायद्यातही कायम राहिली. दारूच्या बाबतीत विज्ञानाने कायद्याच्या हाती मोजपट्टी दिली. औषधांच्या बाबतीत कायदा अद्याप १९३० सालीच उभा आहे.

२०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिने कलम १८५ मधील ‘द्रव्य’ या शब्दाची व्याख्या रुंदावली. दारूखेरीज कोणताही नैसर्गिक वा कृत्रिम मादक पदार्थ, आणि त्याबरोबरच गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील सर्व पदार्थ, त्यात आले. या १९८५ च्या कायद्याचे नाव काढले की डोळ्यांपुढे हेरॉइन आणि चरस येतात. परंतु त्याच्या अनुसूचीत डायझेपाम आहे, अल्प्राझोलाम आहे, लोराझेपाम आहे, अपस्माराच्या रुग्णांना दिले जाणारे फिनोबार्बिटल आहे. वेदनाशामक ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये त्यात घातले गेले. म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या औषधांच्या डब्यात जे सहज सापडावे, तेच या व्याख्येत येऊन बसले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात असणे हा बचाव ठरतो, असे कलम १८५ मध्ये कोठेही म्हटलेले नाही.

उलट, सर्दी-खोकल्यावरच्या जुन्या पद्धतीच्या ज्या गोळ्यांनी हमखास झापड येते, त्या या अनुसूचीत नाहीत. त्या ‘मादक’ आहेत काय, हा वकिलांना रंगवून वाद घालता येईल असा प्रश्न आहे. शारीरिक वा मानसिक दृष्ट्या अपात्र असताना वाहन चालविण्याबद्दलचे कलम १८६ येथे लावावे म्हटले, तर ते रोगाविषयी व व्यंगाविषयी बोलते, औषधाविषयी नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या पादचाऱ्याला मात्र आपल्या अंगावर आलेल्या गाडीचा चालक अनुसूचीतल्या गोळीने पेंगत होता की अनुसूचीबाहेरच्या, याने काही फरक पडत नाही.

सिद्ध करायचे कसे?

या प्रकारच्या खटल्यात पुरावा हीच खरी अडचण असते. १९७१ साली महाराष्ट्रातल्या एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता. चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, चाल अस्थिर होती, बोलणे असंबद्ध होते, अशी वैद्यकीय साक्ष झाली होती. परंतु रक्ताची वा लघवीची तपासणी झालेली नव्हती. अपघाताच्या धक्क्यानेही माणसाचे पाय लटपटू शकतात, हे लक्षात घेऊन तेवढ्यावरून चालक दारूच्या अमलाखाली होता असे म्हणण्यास न्यायालय तयार झाले नाही. दारूला निदान वास तरी असतो. झोपेच्या गोळीला तोही नाही.

म्हणून रक्ततपासणी अपरिहार्य ठरते. कायद्याच्या कलम २०३ व २०४ मध्ये श्वासाच्या व रक्ताच्या चाचणीची तरतूद आहे. पण रक्त घेण्याची पाळी येते ती श्वासाच्या यंत्राने दारू दाखविली तर, किंवा चालकाने यंत्रात फुंकर मारण्यास नकार दिला तर. ज्याने मुकाट्याने फुंकर मारली आणि शून्य मिळविले, त्याचे रक्त या कलमाखाली घेता येत नाही. अटक झालेल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी करवून घेण्याचा सर्वसाधारण अधिकार पोलिसांना आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ मध्ये आहे. पण त्यासाठी आधी संशय यावा लागतो, संशय यायला काय पाहावे हे शिकलेला हवालदार लागतो, आणि नमुना वेळेत घ्यावा लागतो. रेषेवरून चालायला लावणे, एका पायावर उभे करणे या साध्या चाचण्या ब्रिटनमध्ये पोलिसांच्या प्रशिक्षणाचा भाग आहेत. आपल्या कलमांत त्यांचा मागमूस नाही. नमुना घेतल्यानंतरही काय काय होऊ शकते, याची शंका मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघाताने सर्वांच्याच मनात पेरली आहे. त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली होती.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात अपघातांची कारणवार वर्गवारी असते. तीत दारू आणि अमली द्रव्ये यांचा रकाना एकच आहे. या रकान्यात दारू किती आणि गोळ्या किती, ते त्यावरून कळत नाही. ज्या गोष्टीचा वेगळा रकाना सरकार ठेवत नाही, त्या गोष्टीसाठी वेगळे धोरण ते आखील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. राष्ट्रीय उत्पन्नात गृहिणीच्या श्रमांना जागा नाही, तशीच ही गत.

दुसरा गुन्हा, ज्याला पहिला नाही

आता शिक्षेकडे वळावे. कलम १८५ खालील पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वा त्यानंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच तो वाढीव शिक्षेस पात्र होत असे. दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकली. वाहन धोकादायक रीतीने चालविण्याच्या शेजारच्याच कलम १८४ मध्ये मात्र तीन वर्षांची मर्यादा तशीच आहे. म्हणजे बेफाम गाडी हाकणाऱ्याचे पाप तीन वर्षांनी धुऊन निघते. पंचविसाव्या वर्षी गुंगीत सापडलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी, वेगळ्याच आजारावरच्या वेगळ्याच गोळीने पुन्हा सापडला, तर तो सराईत गुन्हेगार! या विसंगतीचे कारण शोधू जाता हाती काही लागत नाही. ब्रिटनने हीच मर्यादा दहा वर्षांची ठेवली आहे, आणि दहा वर्षे ही मुदत कोणत्याही अर्थाने सैल म्हणता येणार नाही.

तुरुंग आणि दंड याहून जास्त बोचणारी शिक्षा परवान्याची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १८५ चा गुन्हा घडला असे मानण्यास जागा असेल, तर पोलिसाने परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. चालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर पहिल्या खेपेस तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या खेपेस परवानाच रद्द, असा अधिकार त्या प्राधिकाऱ्यास आहे. नोकरदाराला याने गैरसोय होईल, तो लोकलने वा बसने जाईल. ट्रकच्या वा टॅक्सीच्या चालकाची मात्र भाकरीच जाते.

विम्याचा भाग याहून अवघड आहे. कलम १८५ मध्ये म्हटल्याप्रमाणे दारूच्या वा द्रव्याच्या अमलाखाली वाहन चालविणे, हे दायित्व नाकारण्याचे कारण म्हणून विमा कंपनीला आता कायद्यानेच उपलब्ध झाले आहे. अपघातग्रस्ताला आधी कंपनीने पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये अनेकदा देतात. तसे झाले, तर एका गोळीपायी लक्षावधी रुपयांचा बोजा मालकाच्या डोक्यावर येऊन पडतो. घरची गाडी चालवायला भाच्याला किंवा शेजाऱ्याला देणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

इतकी सारी कडक तरतूद असूनही ती कागदावरच राहते. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हे आणि शिक्षा यांचा हिशेब मांडताना दाखविले की, गुन्हा करणाऱ्याच्या मनातली किंमत ही शिक्षेच्या आकाराइतकीच सापडण्याच्या शक्यतेवर अवलंबून असते. सापडण्याची शक्यता शून्य असेल तर दोन वर्षांचा कारावास शून्याने गुणला जातो. औषधाच्या गुंगीत गाडी चालविणारा पहिल्यांदा सापडत नाही, म्हणून त्याचा दुसरा गुन्हा कायद्याच्या लेखी कधी जन्मालाच येत नाही. पहिल्यांदा तो नाक्यावरून सुटतो. दुसऱ्यांदा दुभाजकावर आदळतो आणि ‘ब्रेक लागला नाही’ म्हणून सांगतो. तिसऱ्यांदा माणूस मरतो, आणि तोच त्याचा ‘पहिला गुन्हा’ म्हणून नोंदला जातो. समजा, पहिली शिक्षा झालीच असली, तरी ती आरोपपत्रात नमूद करून न्यायालयापुढे शाबीत करावी लागते. एक शिक्षा ठाण्यात आणि दुसरा खटला नाशिकात, अशा वेळी तो कागद कोणी आणावयाचा, यातच तारखा निघून जातात.

जाणीव मोजायची की गोळी?

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की, यंत्रे वाढवावीत, नमुने वाढवावेत, म्हणजे प्रश्न सुटला. तसे नाही. दारू पिणारा आणि औषध घेणारा यांत एक मूलभूत फरक आहे. दारू चढते हे जगाला ठाऊक आहे, आणि पिणारा बहुधा चढावी म्हणूनच पितो. औषध घेणारा बरे होण्यासाठी घेतो. गोळीने गुंगी येईल हे त्याला कोणी सांगितलेच नसेल, तर पहिल्या वेळी त्याच्या मनात गुन्हेगाराची जाणीव होती असे म्हणता येईल काय?

इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९८४ साली असाच एक प्रश्न आला. खटला गाडीचा नव्हता. सोबत राहणाऱ्या स्त्रीने घराबाहेर जावयास सांगितल्यामुळे अस्वस्थ झालेल्या एका माणसाने तिच्या जुन्या डायझेपामच्या गोळ्या घेतल्या आणि पुढे त्या घरातल्या कपाटाला आग लागली. शांत करणारे औषध आणि दारू यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, त्या गोळ्या घेणे हेच मुळात बेपर्वाईचे होते की नाही याचा विचार ज्यूरीने करावयास हवा होता, असे म्हणून न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेने जुन्या दंड संहितेचाच नियम पुढे चालविला आहे. नशेमुळे समज गमावलेल्या माणसाला क्षमा मिळते ती, ज्या पदार्थाने नशा चढली तो त्याच्या नकळत वा इच्छेविरुद्ध दिला गेला असेल तर. गोळी जाणून घेतली पण तिचा परिणाम ठाऊक नव्हता, अशा माणसाला हे शब्द उघडपणे सामावून घेत नाहीत.

दुसऱ्या खेपेचे गांभीर्य याच ठिकाणी आहे. एकदा ज्याची गाडी गोळीच्या गुंगीत रस्ता सोडून गेली, त्याला आता ती गोळी काय करते ते स्वानुभवाने ठाऊक आहे. त्यानंतरही तो तीच गोळी घेऊन चाकामागे बसला, तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव त्याच्याजवळ उरत नाही. जाणिवेचा हा मुद्दा आपल्या न्यायालयांना अपरिचित नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सातजण मेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्या चालकाची सदोष मनुष्यवधाखालील तीन वर्षांची शिक्षा कायम केली. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव त्याला होती, हा त्या निकालाचा कणा होय. तेथे दारू होती. उद्या एखाद्या खटल्यात दारूच्या जागी गोळी असली, आणि त्या गोळीने पूर्वी एकदा अपघात घडविल्याची नोंद असली, तर केवळ हयगयीच्या कलमावर, म्हणजे न्याय संहितेच्या कलम १०६ खालील पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेवर, प्रकरण थांबेल असे कोणी गृहीत धरू नये.

मात्र जाणीव गृहीत धरावयाची असेल, तर ती आधी कोणीतरी करून दिली पाहिजे. ब्रिटनने २ मार्च २०१५ पासून वाहनचालकाच्या रक्तातील औषधांचे कमाल प्रमाण कायद्यानेच ठरवून दिले. डायझेपामचे प्रमाण प्रतिलिटर ५५० मायक्रोग्रॅम आहे. नेहमीच्या उपचाराची मात्रा घेणारा रुग्ण सहसा त्यात अडकू नये, असा बेत त्यामागे होता. शिवाय, औषध डॉक्टरांनी दिलेले आहे आणि सांगितल्याप्रमाणेच घेतले आहे, एवढे दाखविले तर कायद्यानेच बचाव दिला. मात्र चालक प्रत्यक्षात गाडी सांभाळू शकत नव्हता असे दिसले, तर जुन्या कलमाखाली त्याच्यावर खटला भरता येतो आणि तेथे ही सवलत नाही. शिक्षा कठोर आहे: पहिल्या खेपेस किमान बारा महिने परवानाबंदी, दहा वर्षांत पुन्हा सापडल्यास किमान तीन वर्षे. फ्रान्समध्ये तर अशा औषधांच्या वेष्टनावर मोटारीचे चित्र छापतात. पिवळा रंग म्हणजे जपून, नारिंगी म्हणजे डॉक्टरांना विचारल्याविना नको, तांबडा म्हणजे गाडीला हात लावू नका. अक्षरशत्रूलाही कळावे असे हे चित्र आहे, आणि आपल्यासारख्या बहुभाषी देशाला तर ते अधिकच सोयीचे.

औषधाची मात्रा हा विषयही दुर्लक्षिण्याजोगा नाही. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी गाडी चालविण्याच्या वेळेपर्यंत टिकतो असे आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणावयास लावली. डायझेपामचा अंमल तर शरीरातून सावकाश ओसरतो. रात्री घेतलेल्या गोळीचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या दुपारीही चुकता झालेला नसतो.

याची दुसरी बाजू अशी की, कायद्याच्या धाकाने रुग्णाने औषधच सोडले तर धोका वाढतो. अपस्माराचा रुग्ण गोळीवाचून चाकामागे बसला, तर तो गुंगीतल्या चालकाहून भयंकर ठरेल. आणि मालवाहतुकीच्या धंद्यात ‘आज गोळी घेतली आहे, गाडी नेत नाही’ असे म्हणणाऱ्या चालकाची त्या दिवसाची कमाई बुडते. माल वेळेवर पोहोचण्याचा नफा मालकाच्या व व्यापाऱ्याच्या पदरात, गुंगीची जोखीम चालकाच्या व रस्त्यावरच्या माणसाच्या पदरात, अशी ही विभागणी आहे. तुरुंगाची भीती घालून ती बदलत नाही. आजारपणाची भरपगारी रजा मिळू लागली, तर कदाचित बदलेल. आणि त्या रजेचा खर्च भाड्याच्या दरात पडेल, हे व्यापाऱ्यांनी मान्य केले पाहिजे.

तोवर निदान सांगण्याची सोय तरी व्हावी. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे ‘एच-१’ या वेगळ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत छापावयाचा इशारा सरकारनेच ठरवून दिला आहे: वैद्यकीय सल्ल्यावाचून घेणे धोक्याचे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री करू नये. गाडीचा उल्लेख त्यात नाही. दुकानदाराने या औषधांसाठी स्वतंत्र वही ठेवावयाची असते. डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, किती दिले, हे सारे तीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. गोळी नेणारा माणूस घरी कसा जाणार आहे, एवढे विचारावयाचा रकाना तीत नाही.